‘म्हणजे?’ आणि बडीशेपेची डबी

घरात प्लॅस्टिकच्या पिशव्या कोणी मुद्दाम जमवत नाही. एकीत दुसरी कोंबली जाते, दुसरीत तिसरी, आणि एक दिवस स्वयंपाकघराच्या दारामागे भला मोठा फुगलेला गोळा लटकताना दिसतो. पिंपळखुटे सरांच्या किश्श्यांचं माझ्याकडे तसंच झालंय. ठरवून एकही जमवलेला नाही. बँकेच्या बदलीवर जबलपूरला आलो, इथल्या गोरखपूर भागात भाड्याने घर घेतलं आणि शेजारी निघाले पिंपळखुटे सर. मग करणार काय!

सर तत्त्वज्ञानाचे निवृत्त प्राध्यापक. त्यांच्याकडे रविवारी सकाळी बैठक भरते. बैठक म्हणजे आम्ही तिघंच. सर, मी आणि मीनल. मीनल सरांच्याच जुन्या कॉलेजात भाषाविज्ञान शिकवते. जन्माने जबलपूरची, त्यामुळे मराठीत सुरू केलेलं वाक्य पुष्कळदा हिंदीत संपवते. शिवाय घरात सुमनकाकू, सरांच्या पत्नी. त्यांनी आयुष्यभर शाळेत गणित शिकवलं. काकू बैठकीत बसत नसत, पण बैठकीची किल्ली त्यांच्याकडेच असायची.

पहिल्या रविवारी मी रीतीप्रमाणे विचारलं, “काय सर, बरं आहे ना सगळं?”

सर म्हणाले, “बरं म्हणजे?”

मी हसलो. सर हसले नाहीत! तब्येतीने बरं, परिस्थितीने बरं, की तुलनेने बरं? तुलनेने असेल तर कोणाच्या? माझा चहा गार झाला तरी आम्ही ‘बरं’वरच होतो. ‘सगळं’ अजून शिल्लक होतं.

काकू आतून म्हणाल्या, “त्यांना उत्तर नका देऊ भाऊ. उत्तर दिलं की ते वाढतात.”

* * *

आता ती किल्ली सांगतो. काकूंची एक पितळी डबी होती, बडीशेपेची. गप्पा फार लांबल्या की काकू बाहेर यायच्या आणि ती डबी टीपॉयवरून एखाद्याच्या पुढ्यात सरकवायच्या. तोंडाने एक अक्षर नाही. ज्याच्यापुढे डबी आली त्याचं बोलणं संपलं. चिमूटभर बडीशेप तोंडात टाकायची आणि उठायचं. अपील नाही!

एकदा ती डबी खुद्द सरांपुढे आली. सरांनी मुकाट्याने बडीशेप घेतली, चपला घातल्या आणि आमच्याबरोबर फाटकाबाहेर आले. कोपऱ्यापर्यंत चालत गेल्यावर त्यांच्या लक्षात आलं, की आपण इथेच राहतो.

* * *

सरांचा प्रश्न ‘म्हणजे?’. मीनलचा प्रश्न ‘लोक काय म्हणतात?’. भांडणाचं मूळ एवढंच. मीनलचा मोबाईल कायम रेकॉर्डिंगवर. रिक्षावाला, भाजीवाली, शेजारपाजार, कोणी सुटत नाही.

ती म्हणायची, “सर, शब्दाचा अर्थ तुम्ही खुर्चीत बसून काहून ठरवता? बाहर जाके सुनिए ना, लोग क्या बोल रहे हैं!”

“लोक चुकीचं बोलत असले तर?”

“सगळेच?”

“सगळेच,” सर शांतपणे म्हणाले.

* * *

एक दिवस सरांची स्कूटर हरवली. मी आणि मीनल त्यांना घेऊन ओमतीच्या पोलीस ठाण्यात गेलो. हवालदाराने विचारलं, “क्या गुम हुआ, बाबूजी?”

सर म्हणाले, “गुम हुआ, ऐसा कैसे कहें? स्कूटर जहाँ है, वहीं है। हमें मालूम नहीं, इतनी ही बात है।”

हवालदाराने पेन खाली ठेवलं. “तो शिकायत किसके खिलाफ लिखूँ?”

सर विचारात पडले. प्रश्न त्यांना मनापासून आवडला होता! तेवढ्यात मीनलने मोबाईल पुढे केला. “भैया, ‘गुम हुआ’ एक बार फिर से बोलिए ना, थोड़ा आराम से.” हवालदार एकदा तिच्याकडे बघे, एकदा सरांकडे. मग त्याने माझ्याकडे बघितलं. मी बँकेत आहे हे ऐकून त्याला जरा धीर आला.

माझा फोन वाजला. काकू होत्या. “भाऊ, स्कूटर भाजीवाल्याच्या दुकानापुढे उभी आहे. हे काल विचार करत करत पायीच घरी आले. त्यांना चहा पाजा आणि घेऊन या.”

* * *

मग कॉलेजातली ती चर्चा. विषय होता ‘तत्त्वज्ञान आणि भाषेचा अभ्यास : परस्परसंबंध’. एका बाजूला सर, दुसरीकडे मीनल. प्राचार्य मध्ये, म्हणजे झोपायला सोयीचं.

सर म्हणाले, भाषेचा अभ्यास ही तत्त्वज्ञानाचीच लेक. शब्द म्हणजे काय आणि अर्थ कुठे राहतो, हे प्रश्न आधी आमच्या घरात विचारले गेले. लेक मोठी झाली, वेगळी राहू लागली, एवढंच.

मीनल म्हणाली, “लेकीचं लग्न होऊन जमाना झाला, सर.”

“तरी माहेरी येते ना?”

“येते. पण माहेरचे लोक तिला बैठकीत बसवत नाहीत, सीधे रसोई में भेज देते हैं।”

मुलींनी बाकं वाजवली. सरांनीही वाजवलं. प्राचार्य टाळ्यांनी जागे झाले आणि समारोपाला उभे राहिले. “दोनों ने बहुत बढ़िया बोला। अब विषय पर हम अगली बार आएँगे।”

* * *

सरांचं एक लाडकं मत होतं. ते त्यांनी जन्मभर शिकवलं : जिथे शब्द नाही तिथे विचार नाही. मनात काहीतरी आहे पण शब्द सापडत नाही, असं कोणी म्हणालं की सर म्हणत, शब्द सापडत नाही म्हणजे विचारच नाही, नुसती खळखळ आहे!

हे ऐकून एका रविवारी काकू चक्क बाहेर येऊन बसल्या. म्हणाल्या, “मी गणित सोडवते तेव्हा डोक्यात शब्द नसतात. उत्तर आधी दिसते. शब्द मागून येतात, पोरांना सांगायसाठी.”

“तुला तसं वाटतं,” सर म्हणाले.

“हो, वाटते. आणि ते वाटणं पण शब्दांशिवायच होऊन राहिलं आहे.”

सरांनी तोंड उघडलं. काकूंनी डबी सरकवली.

मीनल त्या दिवशी इतकी हसली, की तिचं रेकॉर्डिंग वाया गेलं.

* * *

काकूंचं भाषेच्या बाबतीत एकच सोवळं होतं. घरात ‘अच्छा’ म्हणायची बंदी. माहेर अमरावतीकडचं, लग्नानंतर सगळं आयुष्य जबलपुरात, चहूबाजूंनी हिंदी. तरी त्या म्हणायच्या, “आपल्या घरात ‘बरं’ मेलं काहून? ते आहे ना चांगलं जिवंत!” मीनलच्या तोंडून दर वाक्याला ‘अच्छा’ निघायचं आणि दर वाक्याला काकू आतून खाकरायच्या.

मीनल हार मानणारी नाही. तिने एकदा काकू भाजीवाल्याशी फोनवर बोलत असताना रेकॉर्ड केलं आणि बैठकीत लावलं. अच्छा भैया, अच्छा, अच्छा, भिंडी नहीं है अच्छा, तो अच्छा लौकी रख दो! सर खुर्चीत मागे रेलून ऐकत होते. बऱ्याच वर्षांनी पुरावा हाती लागला होता.

काकू म्हणाल्या, “ते भाजीवाल्याचे ‘अच्छा’ होते. त्याचे त्याला परत देऊन टाकले.”

* * *

मग काकूंना पॅरालिसिसचा अटॅक आला. उजवा हात गेला आणि वाचा गेली. हॉस्पिटलातून घरी आल्या तेव्हा त्यांच्या तोंडात एकच शब्द उरला होता. तो ‘अच्छा’ होता.

मला त्या दिवशी हसू आलं नाही. ज्या शब्दाला त्यांनी उंबऱ्यावर अडवून धरलं, तोच तेवढा आत राहिला. पाणी हवं, अच्छा. खिडकी लावा, अच्छा. फुलका कच्चा आहे, अच्छा! डॉक्टर म्हणाले, असं होतं. कधी एखादाच शब्द उरतो, कोणता उरेल सांगता येत नाही.

सरांनी ‘म्हणजे?’ विचारणं सोडून दिलं. बैठक चालूच राहिली, कारण ती बंद केली तर सर एकटे पडतील असं मीनलचं मत. काकू आता खुर्चीत आमच्यातच बसायच्या. पितळी डबी टीपॉयवर होती तिथेच होती. काकूंनी तिला हात लावला नाही, आम्हीही नाही.

मीनल रोज संध्याकाळी यायची, काकूंशी बोलायची आणि मोबाईल चालू ठेवायची. एक दिवस सर भडकले. मी त्यांना असं कधी पाहिलं नव्हतं. “माझी बायको तुला डेटा वाटते काय?”

मीनल म्हणाली, “सर, तुम्हाला त्या सिद्धांत वाटून राहिल्या. त्यापेक्षा डेटा बरा. मी निदान ऐकते तरी.”

मीनल निघून गेली. मग अंगणात सर मला म्हणाले, “ती बरोबर बोलली. पण मी जन्मभर जे शिकवलं ते खरं असेल ना, तर सुमन आता आत नाही. नुसती बसून आहे. आणि ते खोटं आहे असं मी आता म्हणालो, तर मला तसं हवं आहे म्हणूनच बोलून राहिलो. हा पुरावा नाही.”

मी त्यांना घरात घेऊन गेलो आणि चहा ठेवला. मला त्यांचा फार कळवळा आला, आणि थोडा रागही आला. एवढ्या दुःखातही माणूस पुरावा शोधत होता!

* * *

आता शेवटचा.

सरांचा मुलगा निखिल हैदराबादला असतो. बारावीनंतर जो बाहेर पडला तो सणावारापुरताच यायचा. रविवारची बैठक सरांच्या निवृत्तीनंतरची, त्यामुळे तिच्या रीतिभाती त्याला ठाऊक नव्हत्या. मुलगा चांगला, काळजी करणारा. गेल्या महिन्यात आला तो बेत पक्का करूनच. गोरखपूरचं घर विकायचं, आईबाबांना हैदराबादला न्यायचं, आईला तिथल्या एका केअर सेंटरमध्ये ठेवायचं. चोवीस तास नर्स. बाबा आपल्याकडे राहतील, रोज भेटून येतील.

“काका, तुम्ही दोघं बाबांना समजवा,” तो मला आणि मीनलला म्हणाला. “आईला कुठेही ठेवलं तरी तिला आता काय फरक पडतो? कळत नाही तिला.”

हे तो काकूंच्या समोरच बोलला. काकू खिडकीजवळच्या खुर्चीत होत्या. सर मान खाली घालून बसले होते. ‘कळत नाही म्हणजे?’ असं त्यांनी विचारावं म्हणून मी वाट बघितली. त्यांनी विचारलं नाही. विचारलं असतं तर मुलाने त्यांचंच जन्मभराचं उत्तर त्यांना ऐकवलं असतं.

निखिलने खुर्ची पुढे ओढली आणि मोबाईलवरचे फोटो आईला दाखवायला लागला. “आई, ही तुझी रूम. बघ, किती हवेशीर.”

“अच्छा,” काकू म्हणाल्या.

“हा गार्डन. सकाळी व्हीलचेअरवर फिरवतात.”

“अच्छा.”

“बाबा रोज येतील. मी संडेला येईन.”

“अच्छा.”

निखिल आमच्याकडे वळला. “बघा! ती तयार आहे. आता बाबांचंच काय ते.”

मीनल पुढे सरकली. काकूंचे इतके महिन्यांचे ‘अच्छा’ तिच्या मोबाईलमध्ये होते, ती काहीतरी लावून दाखवणार होती. सरांनी हाताने तिला थांबवलं. ते काकूंकडे बघत होते.

काकूंनी डावा हात उचलला. तो हळूहळू टीपॉयवर आला आणि तिथे टेकला. निखिलला वाटलं आईला पाणी हवंय, तो उठायला लागला. मग तो हात पितळी डबीपर्यंत गेला. डबी जड होती, अडखळत सरकली, मध्ये तिरकी झाली. काकूंनी ती बोटांनी सरळ केली आणि पुन्हा ढकलली, ती थेट निखिलच्या पुढ्यात येऊन थांबेपर्यंत.

मीनलने तोंडावर हात ठेवला. मी खिडकीबाहेर बघायला लागलो.

निखिल डबीकडे बघत राहिला, मग आईकडे, मग बापाकडे. “म्हणजे?” त्याने विचारलं.

सर उठले. त्यांनी डबीचं झाकण उघडलं आणि ती मुलापुढे धरली.

“बडीशेप घे,” ते म्हणाले.