मंगळवारची दाढी

देवासला मंगळवारी सहसा कोणी केस कापत नाही, त्यामुळे आमच्या कॉलनीतलं सलून त्या दिवशी बंद असतं. सलूनवाले भाऊ आपल्यातलेच; घरात मराठी, दुकानात हिंदी-माळवी. सुट्टीच्या दिवशी ते पेटी घेऊन रैन बसेऱ्यात, म्हणजे बेघरांच्या रात्रनिवाऱ्यात, जातात आणि रस्त्यावर राहणाऱ्यांची फुकट दाढी करतात. ज्यांना मंगळवार चालत नाही, त्यांची सोमवारी संध्याकाळी. मग कुणाला पेन्शन, कुणाला दवाखाना हवा असेल, तर त्याला कलेक्टर कचेरीत नेतात. लोकांच्या तक्रारी ऐकायची जनसुनवाई तिथे मंगळवारीच असते.

मी शाळेत हिंदी शिकवून निवृत्त झाले, तेव्हा ते दारात आले. म्हणाले, "बाई, माझं अक्षर साहेबांना लागत नाही. अर्ज लिहून द्याल?"

वेळ जात नव्हता, म्हणून हो म्हटलं.

रैन बसेऱ्यातच मला एक म्हातारबाबा भेटले. रुंद खांदे, पायाला जुनी जखम. भाऊ दर आठवड्याला त्यांची दाढी करायचे आणि सरकारी दवाखान्यात नेऊन जखमेचं ड्रेसिंग करून आणायचे. बाबांजवळ एकही कागद नव्हता. राज्य सरकारच्या कुटुंबनोंदीचा समग्र आयडी नसेल तर आमच्याकडे पेन्शनचं नाव काढता येत नाही. मी वही उघडली आणि एकामागून एक विचारत सुटले: गाव कोणतं, घरी कोण कोण आहे, ते का बघत नाहीत? बाबा उठले आणि अर्धी दाढी तशीच ठेवून निघून गेले.

पुढचे दोन मंगळवार ते आले नाहीत. मला रडू येत होतं. भाऊ सायकलवर शोधत राहिले, आणि मालगोदामाच्या भिंतीशी बाबा सापडले तेव्हा तिथेच उरलेली दाढी केली.

मी विचारलं, "तुम्ही त्यांना कधीच काही विचारलं नाही?"

"गळ्याशी वस्तरा धरून काय विचारायचं, बाई? मी माझंच सांगत बसतो. पोरीचं लग्न, दुकानातली गंमत. मन झालं की माणूस आपणहून बोलतो."

बाबा बोलले ते पावसाळा सरल्यावर. मी शेजारी बसून नुसती भाजी निवडत होते. ते धरमपुरीचे, नर्मदेवर नाव चालवायचे. रागाच्या भरात धाकट्या भावाच्या डोक्यात वल्हं मारलं होतं. रक्त पाहून जे पळाले, ते परत फिरले नाहीत. धाकटा जगला की गेला, हेही त्यांना ठाऊक नव्हतं. इतकी वर्षं ते ओझं उरावर घेऊन हा माणूस फुटपाथवर झोपत होता.

पुढच्या मंगळवारी भाऊ पहाटेच्या बसने धरमपुरीला गेले. संध्याकाळी परतले ते थेट बाबांकडे. मी तिथेच होते.

"जिंदा है," ते म्हणाले. "कपाळावर खूण आहे, बाकी ठणठणीत."

बाबांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

धाकट्या भावाने म्हणे आत जाऊन आपल्या पेटीतून बाबांचं जुनं मतदार कार्ड आणि रेशनकार्डाची प्रत काढून दिली. जपून ठेवलेली. पंचायतीत जाऊन बाबांच्या ओळखीची सहीही करून दिली. आधारच्या वेळी बाबांच्या बोटांचे ठसे उमटेनात, वल्ह्याने घासून गेलेले. मग डोळ्यांच्या स्कॅनवर काम भागलं, पुढे समग्र आयडीही मिळाला. चार-पाच जनसुनवाया झाल्या. पेन्शन सुरू झाली, जखम भरली.

घरी राहायला जायला बाबा तयार नव्हते. भावजयीला तोंड कसं दाखवू, म्हणायचे. तेव्हा भाऊंनी धारच्या वृद्धाश्रमात जागा मिळवली. धरमपुरीहून तिथे येणं धाकट्याला सोपं.

गेल्या हिवाळ्यात आम्ही दोघं बाबांना भेटायला धारला गेलो. व्हरांड्यात दोघे भाऊ उन्हात बसले होते. धाकटा शेंगा सोलून बाबांच्या हातावर ठेवत होता. बोलणं फारसं नव्हतं. बाबांनी मला पाहून शेंगा पुढे केल्या आणि म्हणाले, "बैठो, मास्टरनीजी."

परतताना बसमध्ये मी भाऊंना म्हटलं, "तुम्ही फार मोठं काम केलंत."

ते जरा संकोचले. म्हणाले, "बाई, स्टेशनबाहेर एक मावशी आहेत. त्यांना नीट दिसत नाही. दाढीचा तर प्रश्न नाही, आता बोलायला कशी सुरुवात करू?"

"मी येते," मी म्हटलं. "वही न घेता."