बॅटरी डिक्कीत का ठेवली?

गेल्या शुक्रवारी इथे दोह्यात आमच्या मराठी मंडळाचा मुलांचा कार्यक्रम होता. आवडत्या विषयावर पाच मिनिटं मराठीत बोलायचं.

मागच्या वर्षी आमची इरा स्टेजवर अडखळली, मुलं हसली, आणि तेव्हापासून तिने मराठी बोलणंच सोडलं. आम्ही मराठीत विचारायचं, तिने इंग्लिशमध्ये उत्तर द्यायचं. यंदा मात्र नाव तिने स्वतःहून दिलं. अट एकच, विषय तिचा!

विषय काय, तर जपानी लोकांनी हलकी, उघड्या टपाची, दोन सीटची स्पोर्ट्स कार कशी तयार केली. तसली एक जुनी गाडी नवऱ्याने हौसेने घेतलीय. लातूरकडचे नामदेवकाका मेकॅनिक आहेत, ते सुट्टीच्या दिवशी अबू हमूर भागातल्या आमच्या घराच्या दारात येऊन ती दुरुस्त करतात. आणि आमच्या बाईसाहेब तासन्‌तास तिथेच, हातात स्पॅनर घेऊन.

मग काय, मी पुणेरी उत्साहाने भाषण लिहून दिलं. ‘अभियंत्यांनी वजन कमी करण्याचा ध्यास घेतला’ वगैरे. रोज पाठ करून घेतलं.

स्टेजवर दोन वाक्यं झाली... आणि खलास. इराला पुढचं आठवेना. मला तर रडूच यायला लागलं.

तेवढ्यात शेवटच्या रांगेतून आवाज आला, “इरा, बॅटरी डिक्कीत का ठिवली ते सांग की!”

नामदेवकाका! इराने त्यांना बोलावलं होतं, मला पत्ताच नव्हता.

आणि पोरगी जी सुटली... “सगळे गाड्या मोठ्या करायलेत, अन् हे लोक एकेक ग्राम काढायलेत! बोनेट अल्युमिनियमचं केलं. बॅटरी उचलली, मागं डिक्कीत ठिवली. का? तर पुढं-मागं वजन सारखं पाहिजे. मग गाडी कशी वळती, माहिताय का?”

अस्सल लातूरची मराठी! कोणीतरी हसलं, पण ती थांबलीच नाही. खरं सांगते, क्षणभर मीच ओशाळले, काय ही भाषा म्हणून... मग लक्षात आलं, माझी मुलगी मराठीत बोलतेय. न घाबरता.

नंतर काकांचे आभार मानायला गेले, तर तेच संकोचले. “मी काय केलं नाही, ताई. ती इंग्रजीत विचारायची, मला कुठं येतंय इंग्रजी? मग तीच मराठीत विचारायली.”

दोन वर्षं हा माणूस आमच्या दारात, उन्हात, उभ्याने चहा पिऊन जातोय. मी एकदाही ‘आत या’ म्हटलं नव्हतं... याची लाज वाटली, फार वाटली.

“काका, पुढच्या शुक्रवारी जेवायलाच या.”

“येतो की,” म्हणाले, लगेच. एवढंच विचारायचं होतं... आणि मला दोन वर्षं लागली.