हळदीचं बोट

माईंबद्दल लिही असं मला कोणी सांगितलेलं नाही. सांगितलं असतं तर मी लिहिलंही नसतं, कारण सांगकाम्यासारखं वागणं मला जमत नाही. पण गेल्या आठवड्यात दिवाळीचा म्हणून एक कपडा माझ्या टेबलावर आला, आणि तेव्हापासून माई डोक्यातून जात नाहीत.

सिंगापूरमध्ये पासिर रिसला आमच्या ब्लॉकमध्ये आमच्या वरच्या मजल्यावर उर्मिला राहते. नवरा सुबोध बँकेत, मुलगी ऋता शाळेत. माई म्हणजे सुबोधची आई. खाली मी, नंदा, आणि माझा नवरा चंद्रशेखर. आम्ही दोघंही आकडेमोडीवर पोट भरणारी माणसं, त्यामुळे उर्मिलाने जे काही मांडलं होतं ते आम्हाला आधी शुद्ध वेडेपणाच वाटलं.

उर्मिला आणि सुबोध इथे यायच्या आधी लंडनला होते. तिथे शनिवारच्या बाजारात तरुण मुली स्वतः बेतलेले, स्वतः शिवलेले कपडे टेबलावर मांडून बसायच्या. मोठ्या दुकानात त्यांना कोणी उभं करत नसे. उर्मिला त्या टेबलांपाशी तासन् तास रमायची. मग सिंगापूरला आली आणि ऑर्चर्ड रोडच्या प्रत्येक मॉलमध्ये तेच ते कपडे बघून तिचं डोकं फिरलं. दोन हजार पाच साली तिने राहत्या फ्लॅटच्या एका खोलीतून इंटरनेटवर दुकान काढलं. नाव ठेवलं 'टाका'. गिऱ्हाइकांना ते जपानी वाटायचं, आणि तिने कोणाचाही गैरसमज दूर केला नाही.

दुकानात कपड्याच्या आधी माणूस दिसायचा. प्रत्येक डिझायनरचं एक पान. तिचा फोटो, तिची शिवणाची खोली, खिडकीतलं मांजर, ती हे कापड का वापरते, बटणं कुठून आणते. हे सगळं उर्मिला फोनवर विचारून विचारून लिहायची. इथल्या ईस्ट कोस्टच्या महागड्या सोसायट्यांत, काँडोंमध्ये, गोऱ्या बायकांच्या कॉफीच्या बैठकांना ती कपड्यांची बॅग घेऊन जायची आणि कपडा राहायचा बाजूला, शिवणारीबद्दलच बोलत बसायची. मी तिला म्हटलं होतं, या उकाड्यात तुझे लोकरीचे कोट कोण घेणार? ती म्हणाली, ऑफिसातल्या एसीत शाल पांघरून कुडकुडत बसणारी तुझ्यासारखी बाई घेणार. पहिलं जाकीट मीच घेतलं. अजून वापरते.

माई आल्या त्याच सुमाराला. मिरजेला त्यांचे यजमान वारले आणि सुबोध त्यांना इकडे घेऊन आला. आयुष्यभर दहा माणसांचं घर हाकलेली बाई दहाव्या मजल्यावर येऊन बसली. एकटीने लिफ्टमध्ये पाऊल टाकायची भीती, आणि नात एकुलती एक, तीही सिंगापुरी इंग्रजीत "आजी, डोन्ट वॉन्ट लाह" म्हणून खोलीत निघून जाणारी. मी कधी वर गेले तर माई गॅलरीत उभ्या असायच्या, नाहीतर पुसलेला ओटा पुन्हा पुसत असायच्या. त्यांना काहीही नको होतं, फक्त काम हवं होतं. ते कोणापाशीच नव्हतं.

मग इंग्लंडहून खोकी यायला लागली. माईंनी आपणहून इस्त्री हातात घेतली. मग घडी, मग पातळ पांढरा कागद, मग फीत. उर्मिला त्यांना प्रत्येक डिझायनरचं पान मराठीतून वाचून दाखवायची. महिन्याभरात माईंना त्या सगळ्या पोरी पाठ झाल्या. ब्रिस्टलची ती रबराचे बूट घालणारी, कुठल्याशा बेटावरची मेंढरं पाळणारी. सगळ्यांत लाडकी लीड्सची हेझेल. ती एकटी, रेशमात काम करायची, सगळं हाताने, म्हणून तिचे कपडे मोजकेच. दुकानाला जे काही नाव होतं ते हेझेलमुळे. माई मला फोडणी घालता घालता सांगायच्या की हेझेलच्या आईचे गुडघे पुन्हा धरलेत. मिरजेच्या एखाद्या भाचीबद्दल सांगावं तसं सांगायच्या. रंग परतला होता बाईंच्या चेहऱ्यावर.

आणखी एक गोष्ट परतली होती, ती मात्र आम्हा कोणाच्या लक्षात आली नव्हती.

नवा कपडा कोरा अंगाला लावायचा नाही, आधी कोपऱ्याला हळदीकुंकवाचं बोट लावायचं, हे आपल्याकडे घरोघरी चालतं. मिरजेच्या घरात ते बोट माईंचं असायचं. यजमान गेल्यावर त्यांनी कोणी न सांगता करंडा जावेच्या हाती दिला. इथे आल्यावर उर्मिलाने पहिल्याच दिवशी त्यांच्या कपाळाला टिकली लावली आणि म्हणाली, माई, या घरात ते काही पाळायचं नाही. माईंनी मान डोलावली. पुढे हळूहळू त्यांनी इथल्या देवघरातला करंडा आपल्याकडे घेतला. आधी ऋताच्या फ्रॉकला बोट, मग सुबोधच्या शर्टला. मग दुकानाच्या कपड्यांना. आतल्या शिवणीवर, कोणाला दिसणार नाही असा इवलासा ठिपका. वर्षभर सिंगापूर, हाँगकाँग, क्वालालंपूरला हळदीकुंकू लावलेले कपडे गेले आणि त्या बायकांनी ते सुखाने घातले. या गोष्टीचं मला आजही हसू येतं. पुढचं आठवलं की जातं.

ईस्ट कोस्टला राहणाऱ्या एका इंग्लिश मुलीने लग्नासाठी हेझेलचा ड्रेस सांगितला. हस्तिदंती रंगाचं रेशीम. हेझेल कित्येक आठवडे त्याच एका कपड्यावर बसली होती. तो आला तेव्हा उर्मिलाने मला मुद्दाम वर बोलावलं. मी कपड्यांना भुलणारी नव्हे, पण तो ड्रेस हातात घ्यायला मला धीर झाला नाही. माईंनी घेतला. लग्नाचा म्हणून त्यांनी त्या दिवशी बोट जरा ठसठशीत लावलं. ओल्या हळदीचं, ओल्या कुंकवाचं.

ड्रेस परत आला. रेशमातून हळद बाहेर उतरली होती. त्या मुलीने उगाच आरडाओरडा केला नाही, नुसता फोटो पाठवला, आणि लग्नाला दुसरीकडून काहीतरी घेतलं. हेझेलने मात्र आपलं पान दुकानातून काढून घ्यायला सांगितलं. जिथे माझे कपडे असे हाताळले जातात तिथे मला नको, एवढंच तिचं म्हणणं. ते खोटं होतं असं मी म्हणणार नाही.

उर्मिला माईंना एक शब्द बोलली नाही. मला तेव्हा तिचं फार कौतुक वाटलं होतं. दुसरी कोणी असती तर घर डोक्यावर घेतलं असतं. हिने ड्रेस कपाटात ठेवला, दुकानाच्या खोलीला कुलूप लावलं, घडीच्या कामाला एक मुलगी ठेवली आणि माईंना गोड आवाजात सांगितलं की तुम्ही आता आराम करा. माई बरं म्हणाल्या. काय झालं हे त्यांनी विचारलं नाही आणि हिने सांगितलं नाही.

त्यानंतर माईंचे मला फोन सुरू झाले. ऑफिसातून आले की दोन मिनिटं वर ये. जाऊन बघते तर ऋताचा नवा युनिफॉर्म, नाहीतर सुबोधची पँट, आणि शेजारी करंडा. मी बोट लावायचं. सवाष्ण म्हणून मी कधी नावाजलेली नव्हते. माझं मंगळसूत्र बँकेच्या लॉकरमध्ये आणि कुंकवाशी संबंध हळदीकुंकवापुरता. पण बाईला गप्पांना कोणीतरी हवं असेल, म्हणून मी जायची. बोट लावायची, चहा प्यायची, खाली यायची. चंद्रशेखर मला चिडवायचा की आमच्या ब्लॉकला सरकारमान्य सवाष्ण मिळाली.

एकदा ऑफिसात माझं कोणाशीतरी वाजलं होतं आणि मी तशीच वर गेले. म्हटलं, माई, तुमच्या बोटाला काय झालंय? मलाच का बोलावता दर वेळी?

माई करंड्याचं झाकण लावत होत्या. म्हणाल्या, "अगं, इतके कपडे गेले माझ्या हातून. एकही परत आला नाही. लग्नाचा तेवढा आला."

मला आधी काहीच कळलं नाही. कळलं तेव्हा मी चहाचा कप खाली ठेवला. दीड वर्ष त्या बाईने हे एकटीने मनात ठेवलं होतं. नवरीच्या कपड्याला विधवेचं बोट लागलं, म्हणून तो परत आला. उर्मिला चांगल्या घरची, म्हणून बोलली नाही. पण खोलीला कुलूप लावलं.

मी तशीच स्वयंपाकघरात जाऊन उर्मिलाला सांगितलं. तिने गॅस बंद केला. मग कपाटातून तो ड्रेस काढला, माईंपुढे पसरला. हात जोडून, रडत रडत सांगायला लागली की माई, हा बघा, डाग पडला म्हणून आला हो, नुसता डाग होता. त्या मुलीला तुम्ही कोण, कुठल्या, काही ठाऊक नव्हतं. मला राग आला होता तो डागाचा होता.

माईंनी ड्रेसवरून हात फिरवला. शांतपणे म्हणाल्या, "डाग तर सगळ्यांनाच लावला होता गं मी."

मी आयुष्यभर आकडे जुळवत आले. बाईंचा हिशेब चोख होता आणि साफ चुकीचा होता. उर्मिला बोलत राहिली, माई तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या. तू गुणाची आहेस, म्हणून असं सांगतेस, म्हणाल्या. ड्रेस परत आला त्याच दिवशी हे दोन शब्द बोलली असती तर पटले असते. आता ते माईंना समजूत घातल्यासारखेच वाटले.

उर्मिलाने सगळं करून पाहिलं. कुलूप काढलं, ती मुलगी काढली. माई खोलीच्या उंबऱ्याशी उभ्या राहून बघायच्या, आत यायच्या नाहीत. दोन हजार सातच्या शेवटी त्यांनी मिरजेला जायचं काढलं. निघायच्या सकाळी उर्मिला एक कोरी साडी आणि करंडा घेऊन त्यांच्यापुढे बसली. माझ्या साडीला बोट लावल्याशिवाय मी तुम्हाला जाऊ देणार नाही, म्हणाली. मी बॅगा उतरवायला आले होते, दारातच थांबले.

माईंनी बोट हळदीत बुडवलं. साडीच्या काठापर्यंत नेलं. तिथे ते थांबलं. मग त्यांनी ते स्वतःच्या पदराला पुसलं आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, "नंदा, ये गं. तू लाव."

मी लावलं. विमानतळावर माई आत गेल्या तेव्हा पांढऱ्या पदरावरचा तो पिवळा डाग लांबूनही दिसत होता. पुढच्या पावसाळ्यात मिरजेला असतानाच त्या वारल्या. झोपेतच गेल्या, हाल झाले नाहीत, असं सगळे म्हणाले. उर्मिलाला त्याचा काही उपयोग झाला नाही.

त्याच वर्षी मंदी आली. आधी बँकांतली गोरी माणसं मायदेशी गेली, मग काँडोतल्या कॉफीच्या बैठका, मग गिऱ्हाइकं. इंग्लंडमधल्या त्या पोरीही एकेक करून थांबल्या. मेंढरंवाली शाळेत शिकवायला लागली. हेझेल लीड्समध्ये कपडे दुरुस्तीच्या दुकानात कामाला लागली. शेवटी यंदा उर्मिलाने 'टाका' बंद केलं. बंद करताना तिने प्रत्येकीला फोन केला. हेझेललाही. तिला सगळी गोष्ट सांगितली, माईंची, हळदीची. हेझेल म्हणाली म्हणे, तो ड्रेस माझ्याकडे पाठव.

आणि यंदाच्या मे महिन्यात माझा चंद्रशेखर गेला. ईस्ट कोस्टला सायकल चालवायला म्हणून गेला आणि हॉस्पिटलमधून फोन आला. त्याबद्दल मी इथे जास्त लिहिणार नाही. मला जमणार नाही.

गेल्या आठवड्यात उर्मिला खाली आली. एका हातात माईंचा करंडा, दुसऱ्या हातात खोकं. हेझेलने तो ड्रेस उसवून ऋताच्या मापाचा करून पाठवला होता. मी खालची कड उलटून पाहिली. सगळं रेशीम नव्याने बेतलं होतं, पण तो कोपरा तिने तसाच राखला होता. पिवळा आणि त्याशेजारी फिकट लाल.

उर्मिलाने करंडा उघडून माझ्यापुढे ठेवला. उद्या ऋता घालणार आहे, म्हणाली.

सिंगापूरला इतकी वर्षं काढलेली मी. असल्या गोष्टींना थोतांड म्हणणारी. बोट हळदीत बुडवलं, कापडापर्यंत नेलं, आणि ते थांबलं. मी थांबवलं नाही. आपोआप थांबलं. घरात दुसरं कोणी नव्हतं, समोर फक्त उर्मिला होती, तरी थांबलं.

या वेळी उर्मिला गप्प बसली नाही. माझं मनगट तिने धरलं नाही, पण म्हणाली, "नंदा, तूच लावायचं. दुसऱ्या कोणाचं बोट नकोय मला."

मी लावलं. माईंच्या डागाला लागूनच, ठसठशीत लावलं. ती गेल्यावर नळाखाली हात धरून मी खूप रडले. बोट थांबलं होतं, हे मला कोणाला तरी सांगायचं होतं. ज्यांना ते लगेच कळलं असतं त्या माई राहिल्या नाहीत, आणि ज्याने त्यावरून मला चिडवलं असतं तोही नाही.