विजूताईची दोन सीटांची गाडी

फोन आला तेव्हा मी दारव्ह्याच्या पेट्रोल पंपावर होते. गाडीभोवती नेहमीप्रमाणे माणसं जमली होती. “मॅडम, हे कोणतं मॉडेल हाय?”, “ॲव्हरेज किती देते जी?”, “वरचं छप्पर उघडते का?” असे नेहमीचेच प्रश्न चालले होते. एक जण तर बोनेटवर कोपर टेकवून फोटो काढून घेत होता. दिग्रसहून लताचा फोन. लता म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीची, विजूताईची, रात्रंदिवस सेवा करणारी बाई. एरवी तिचा फोन आला की ती आधी “कुठवर आल्या?” असं विचारायची. त्या दिवशी तिने ते विचारलं नाही. म्हणाली, “बाई, हळू या... आता घाई नोका करू.”

मला समजलं. तरीही मी पेट्रोलची नळी निघेपर्यंत उभी राहिले, झाकण लावलं, ते नीट बसलं की नाही पाहिलं. फोटो काढणाऱ्या माणसाला “जरा बाजूला होता का” असंही म्हटलं. मग गाडीत बसून किल्ली फिरवली आणि त्या रस्त्याने पहिल्यांदाच असं झालं की मला कसलीच धास्ती नव्हती. पोहोचायला उशीर होईल, ही एकच भीती इतके दिवस मनात असायची. ती संपली होती.

डॉक्टर विजया, माझी विजूताई, भूलतज्ज्ञ होती. जिल्ह्याच्या या बाजूला तिच्या उमेदीच्या काळात भूल देणारे डॉक्टर बोटांवर मोजण्याइतके. सर्जन असायचे, बाळंतपणाचे डॉक्टर असायचे, पण भूल द्यायला कोणी नसलं तर सगळं अडून राहायचं. त्यामुळे सकाळी पुसद, दुपारी दिग्रस, संध्याकाळी महागाव असं तिचं चालायचं. सुरुवातीला ती एसटीने, कुणाच्या मोटारसायकलवर मागे बसून, मिळेल त्या जीपने जायची. एकदा तर कापसाच्या गाड्यांच्या रांगेत जीप अडकली म्हणून हातात औषधांची पेटी घेऊन बाजाराच्या गर्दीतून धावत दवाखान्यात पोहोचली होती. लग्न तिने केलं नाही. कुणी विचारलं तर म्हणायची, “टाइम कुठं होता?”

आणि मग चाळिशी उलटल्यावर तिने ही गाडी आणली. दोन दारं, दोनच सीटा, जमिनीला टेकल्यासारखी बसकी, हळदीसारखी पिवळी. आपल्याच देशात एका लहानशा कारखान्यात थोड्याच गाड्या निघाल्या आणि कारखाना बंद पडला. नागपूरचा एक डॉक्टर परदेशी निघाला होता, त्याची तिने घेतली. आम्ही सगळे थक्क! आईने तर कपाळावर हात मारला. मी तिला पुन्हापुन्हा विचारलं, अशी गाडी कशाला, काय कारण? मला वाटायचं काहीतरी खोल कारण असणार. ती म्हणाली, “मले आवडली. अजून काय सांगू तुले?”

तिचा तो शौक हळूहळू गावोगावच्या लोकांनी आपलासा केला. पोरं तिला ‘बेडकी’ म्हणत. ऑपरेशनच्या दवाखान्याबाहेर झाडाखाली बसलेल्या नातेवाइकांना लांबून ते पिवळं दिसलं की कुणीतरी उठून म्हणायचं, “आल्या भूलवाल्या बाई!” आणि बायका पदर सावरून उभ्या राहायच्या. पेशंटला ती ‘काही होत नाही’ असं कधी सांगायची नाही. त्याच्या उशाशी बसायची आणि म्हणायची, “मी इथंच आहे, उठून कुठं जात नाही.” ऑपरेशन संपल्यावर पेशंट आपलं नाव सांगेपर्यंत ती खरोखरच उठायची नाही, मग बाहेर दुसऱ्या दवाखान्याचा फोन वाजत असला तरी.

माणूस म्हातारं होतं तशी गाडीही होते. पण माणसाचं आपल्या लक्षात येत नाही, गाडीचं येतं. फायबरच्या बॉडीला केसासारख्या चिरा पडू लागल्या. पावसाळ्यात पायाशी पाणी साचायचं. रशीदभाई नावाचे दिग्रसचे मेकॅनिक ती गाडी सांभाळत. कधी या गाडीचा पंप, कधी त्या गाडीचं रबर घासून बसवत. ते दर वेळी कळवळून म्हणायचे, “मॅडम, पार्ट भेटून नाई राह्यला. मी बसवतो, पर मले झोप येत नाई.” मलाही येत नव्हती. मी यवतमाळला राहायचे. बँकेतून निवृत्त झालेली, यजमान गेल्यावर एकटी. ताई महागावहून परत निघाली की मला फोन करायची आणि घरी पोहोचली की पुन्हा करायची. त्या दोन फोनांच्या मधला वेळ मी कसा काढायचे ते माझं मला माहीत. भाजी निवडायला घ्यायचे आणि निवडलेली भाजीच पुन्हा निवडत बसायचे. माझा मुलगा अमोघ पुण्याहून ताईला समजवायचा. मावशी, एअरबॅग नाहीत, समोरून ट्रक आला तर फायबरचा चुरा होईल, आता साधी, उंच, ऑटोमॅटिक गाडी घे. ताई सगळं ऐकून घ्यायची. “पाह्यतो,” म्हणायची. तिचं ‘पाह्यतो’ म्हणजे नाही, हे आम्हाला ठाऊक होतं.

मग एका वर्षी मात्र ती अचानक नरमल्यासारखी झाली. स्वतःहून मला म्हणाली, “शैले, चाल, गाड्या पाहून येऊ.” आम्ही यवतमाळच्या एका शोरूममध्ये गेलो. तिने एक पांढरी, उंच गाडी चालवून पाहिली, खाली उतरली, दार लावलं आणि ते किती हलक्या आवाजात बसलं याचं कौतुक केलं. तिथंच ती गाडी नोंदवूनही टाकली. मला इतकं हायसं वाटलं की घरी येऊन मी शिरा केला. तिने दोन घास खाल्ले आणि बशी बाजूला सारली. तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते गाडी सोडण्याचं दुःख असणार, असं मी समजले.

नवी गाडी यायच्या आधीच ते घडलं. पुसदला एक ऑपरेशन आटोपून आम्ही दोघी दिग्रसकडे येत होतो. मी सहजच सोबत गेले होते. दुपारची वेळ, छत उघडं, दोन्ही बाजूंना तुरीची शेतं. उतारावर पुढे बैलगाडी होती. ताई वेग कमी करील म्हणून मी वाट पाहिली. वेग कमी झाला नाही. मी तिच्याकडे पाहिलं. ती समोर बघत होती, ओठ घट्ट मिटलेले... मग तिने एकदम डाव्या हाताने हँडब्रेक ओढला, स्टेअरिंग वळवलं आणि गाडी रस्ता सोडून तुरीत घुसली. काड्या मोडल्याचा कडाकडा आवाज, धूळ, आणि मग इंजिन बंद. बैलगाडीवाला धावत आला. “लागलं का जी बाई? पाणी आणू?” आम्हाला दोघींना काहीही झालं नव्हतं. ताई एवढंच म्हणाली, “ब्रेक लागला नाही.”

मी मग कुणाचं ऐकते! घरी येईपर्यंत बोलतच होते. आता ही गाडी अंगणातसुद्धा नको, भंगारात घाल, उद्याच्या उद्या घाल. ताई एका शब्दाने मला आडवी आली नाही.

दोन दिवसांनी रशीदभाईंचा निरोप आला म्हणून आम्ही त्यांच्या गॅरेजवर गेलो. ते हात पुसत बाहेर आले, पण त्यांच्या चेहऱ्यावर एक विचित्र अवघडलेपण होतं. “मॅडम, ब्रेक तं बराबर आहे. ऑइल फुल आहे. मी खोलून पाह्यलं, चालवून पाह्यलं. एकदम टाइट लागते.”

“पुन्हा पाहा,” ताई म्हणाली.

“पाह्यलं ना मॅडम. माह्यावर भरोसा ठेवा.”

ताई उठली आणि गाडीकडे चालू लागली. मी तिच्या मागे होते. चालता चालता तिच्या उजव्या पायातली चप्पल निसटून मागेच राहिली, आणि ती तशीच पुढे गेली. अनवाणी. तिला समजलंच नाही. मी चप्पल उचलली आणि हातात धरून उभी राहिले. गाडीपाशी जाऊन ती वळली, तिने माझ्या हाताकडे पाहिलं, मग आपल्या पायाकडे. गॅरेजमधल्या एका जुन्या टायरवर ती बसली. रशीदभाई आत निघून गेले.

“शैले,” ती म्हणाली, “गाडीले काही झालं नाही. पाय उचलला नाही माह्या. ॲक्सिलेटरवरून उचलालेच नाही आला.” मग म्हणाली, “बऱ्याच दिवसापासून आहे.”

नागपूरला तपासण्या झाल्या. डॉक्टरांनी जे सांगितलं ते तिला आधीच ठाऊक होतं, हे मला त्यांच्या खोलीतच कळलं, कारण तिने एकही प्रश्न विचारला नाही. स्नायूंना हुकूम देणाऱ्या नसा एकेक करून निकामी होतात. आधी पाय, मग हात, मग गिळणं, बोलणं, आणि शेवटी श्वास. डोकं मात्र शेवटपर्यंत शाबूत. आयुष्यभर दुसऱ्यांचा श्वास सांभाळणाऱ्या बाईला हे समजावून सांगायची गरज नव्हती. शोरूममध्ये ती दाराचं कौतुक करत होती तेव्हा, मी शिरा ढवळत होते तेव्हा, ती हे एकटीच मनात घेऊन बसली होती...

आता तरी पिवळी गाडी जाणार, याबद्दल कुणाला शंका नव्हती. अमोघ मुद्दाम पुण्याहून आला. तिच्या बैठकीत आम्ही तिघं बसलो होतो. ताई म्हणाली, “त्या पांढऱ्या गाडीले नाही म्हणून सांग. मले तं चालवता येणार नाही, मंग कायले आणायची?”

“मग मावशी, ही तरी कशाला ठेवायची?” अमोघने विचारलं.

“हे आहे म्हणून.” आणि माझ्याकडे वळून, “चालवायची शैलानं.”

मी आधी हसले, मग रडकुंडीला आले. मी यजमानांची लहान गाडी कधीकाळी यवतमाळच्या गल्ल्यांतून चालवलेली, तीही ते शेजारी असताना. पण ताईचे हात अजून चांगले होते आणि दवाखान्यांतून बोलावणी येत होती. तिने स्वतःच सगळ्या डॉक्टरांना आजाराचं सांगून टाकलं होतं; तरी हात आहेत तोवर या, असं तेच म्हणत होते. मी यवतमाळचं घर बंद करून दिग्रसला राहायला आले. रोज सकाळी ती शेजारी बसायची आणि मी घामाने निथळत गाडी चालवायचे. मागून ट्रकचा हॉर्न आला की माझे खांदे कानाला लागायचे. एकदा महागावच्या रस्त्यावर मी ट्रॅक्टरच्या मागे इतका वेळ राहिले की ट्रॅक्टरवाल्यानेच गाडी बाजूला घेतली आणि मला हाताने पुढे जायची खूण केली. ताई खो खो हसली. “काहून एवढी भेतं? भीती वाटून राह्यली तं वाटू दे. पाय कुठं आहे तेवढं ध्यानात ठेव.”

पायाबद्दल ती असं सहज बोलून जायची. मला मात्र पुढे रस्ता दिसेनासा व्हायचा.

असे काही महिने गेले. मग एके दिवशी पुसदला पेशंटच्या तोंडावर मास्क धरताना तिचा अंगठा सैल पडला. क्षणभरच. कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं. सर्जनना सांगून तिने दुसऱ्या डॉक्टरला बोलावून घेतलं, पेशंट शुद्धीवर येऊन नाव सांगेपर्यंत बसून राहिली आणि मग बाहेर आली. गाडीत बसल्यावर म्हणाली, “झालं. आता घरी चाल.” त्यानंतर तिने कुणाला भूल दिली नाही.

पुढचं सगळं लिहिणार नाही. श्वासाचं मशीन लावायचं नाही, हे तिने स्वच्छ शब्दांत, जीभ चालत होती तेव्हाच सांगून ठेवलं होतं. मी तिच्या खोलीबाहेर तिचा श्वास ऐकत बसायचे. थोडा लांबला तरी उठून आत जायचे. ती डोळ्यांनीच मला दटावायची. संध्याकाळी बरं वाटलं तर लता आणि मी तिला उचलून गाडीत बसवायचो आणि मी गावाबाहेर कापसाच्या जिनिंग कारखान्याच्या वाटेने फेरी मारून आणायचे. एकदा मी विचारलं, “तुझ्यामागं या गाडीचं काय करू?” शब्द तेव्हा फार जड झाले होते. खूप वेळ लावून ती म्हणाली, “तू... ठरव.” जन्मभर सगळं स्वतः ठरवणाऱ्या बाईने नेमकं हेच माझ्यावर टाकावं, याचा मला रागच आला.

शेवटच्या दिवशी मी तिचीच औषधं आणायला यवतमाळला गेले होते.

तेरावं झाल्यावर नागपूरहून एक गृहस्थ आले. जुन्या गाड्या जमवणारे, सज्जन माणूस. गाडीवरून इतक्या हळुवार हात फिरवला की मला भरून आलं. म्हणाले, पुन्हा रंग देईन, काचेच्या दालनात ठेवीन, रस्त्यावर कधीच काढणार नाही. अमोघ फोनवर म्हणाला, “आई, याहून चांगलं घर तिला मिळायचं नाही.” ते खरंही होतं. मी त्यांना चहा दिला, त्यांची माफी मागितली आणि गाडी द्यायची नाही म्हणून सांगितलं. ते निघून गेल्यावर मी अंगणात जाऊन गाडीपाशी उभी राहिले. आपण हे काय करून बसलो... पार्ट मिळत नाहीत, रशीदभाई थकले, मी पासष्टीला आलेली.

मागच्या आठवड्यात नोंदणीच्या नूतनीकरणासाठी गाडी घेऊन यवतमाळच्या परिवहन कार्यालयात गेले. तपासणी करणारा तरुण अधिकारी गाडीभोवती फिरला, दिवे पाहिले, खाली वाकून पाहिलं. “चालवते कोण?” त्याने विचारलं. मी म्हटलं, “मी.” त्याने एकदा माझ्या पांढऱ्या केसांकडे पाहिलं आणि म्हणाला, “चला मॅडम, एक राउंड मारू.”

तो शेजारी बसायला गेला आणि थबकला. ते सीट खूप मागे झुकलेलं आहे. शेवटी शेवटी ताईची मान धरत नव्हती म्हणून आम्ही ते तसं केलं होतं. त्याचा हात बाजूच्या खटक्याकडे गेला. “हे सरळ होत नाही का?”

“होतं,” मी म्हटलं. “पण राहू द्या.”

त्याने हात मागे घेतला. हातातले कागद छातीशी धरून, अर्धवट आडवा, आभाळाकडे तोंड करून तसाच अवघडून बसला. मी बेल्ट लावला, आरशात मागे पाहिलं.  आणि मी गाडी गिअरमध्ये टाकली.