चादरीवरचे ठिपके

खडकीच्या कारखान्यातून निवृत्त झाल्यावर मी वाफेचं एक इंजिन केलं. टेबलावर मावेल एवढं, पण खऱ्या वाफेवर पळणारं. बायको अंथरुणाला खिळली तेव्हा तिच्या खाटेभोवती फरशीवर रूळ टाकले. गाडी फिरायची, धुराड्यातून तेलाचे तपकिरी शिंतोडे उडायचे आणि लोंबत्या चादरीवर पडायचे. ती ओरडायची, "अहो, तुमच्या गाडीला शेंबूड आलाय, पुसा आधी!" आणि हसायची.

ती गेली. बरेच दिवस इंजिनाकडे बघवलं नाही. मग एका दुपारी पेटवलं. तेल संपलेलं. तिच्या शिलाई मशीनच्या खणात तेलाची बुधली होती. तेल ते तेल, म्हणून तेच ओतलं. गाडी सुटली. चादर स्वच्छ राहिली म्हणून मी खूश. तेव्हाच कळायला हवं होतं. थोड्या फेऱ्या झाल्या, किरकिरली आणि जाम झाली.

सिलिंडर आतून ओरखडला असेल तर खेळ खलास. नवा करायचा तर माझे हात आता थरथरतात. तिला हसवणारी एवढी एकच वस्तू घरात उरलेली, तीही घालवली म्हटलं.

बाजारात मशीनच्या तेलांचं दुकान आहे. मालक मुसलमान, माझ्याच वयाचा, जिभेचा तिखट.

"रेल्वेच्या इंजिनाला तेल द्या."

"किती डबे ओढतं?"

"दोन. टेबलावर मावतं."

"बरं. काय घातलं होतंत?"

"शिलाई मशीनचं."

"वा! मग सदरे शिवून घ्यायचे त्याच्याकडून. अहो, ते पातळ. गरम वाफ धुऊन नेते, मग आत धातूवर धातू घासतो. सिलिंडरला वाफेचं जाड तेल लागतं. हे पातळ तेल चाकांना चालेल."

पिंपातून त्याने बाटली भरून दिली. काकवीसारखं घट्ट तेल. "आधी उघडून बघा. रडायचं नंतर."

घरी येऊन सिलिंडर उघडला. आत बोट फिरवलं. गुळगुळीत. बॅटरी मारून पाहिलं, एक ओरखडा नाही. नुसता कोरडा पडून पिस्टन अडकला होता. मी फरशीवरच बसलो आणि सुटलो म्हणून एक मोठी शिवी हासडली.

जाड तेल भरलं. चाकांना तिच्या बुधलीतलं दिलं. खाटेवरची चादर पुन्हा नीट घातली, कडेने लोंबती. गाडी सुटली आणि चादरीवर पहिला तपकिरी ठिपका उमटला. तेल आत पोचत होतं.

परवा शेजारीण म्हणाली, "अहो, केवढे डाग पडलेत, धुवायला द्या."

म्हटलं, "पडू देत."