गाडीतला डेक

सायखेड्यात रेडिओ दुरुस्त करणारा बहिरू फक्त नावाचाच बहिरू. कान इतके तिखट, की रेडिओ खोलायच्या आधीच त्याचं दुखणं सांगायचा. बायको कुसाबाई हसून म्हणायची, "ह्यांच्यासमोर शेजारणीशी कुजबुजायचीबी सोय नाय."

पुढे कुसाबाईचं डायलिसिस सुरू झालं आणि जुन्या व्हॅनमधून नाशिकच्या खेपा लागल्या. जाताना ती गप्प, येताना पार गळून गेलेली. घरी भाकरी थापताना तिला डेकवर गाणी लागायचीच. म्हणून बहिरूनं तोच घरातला डेक गाडीत बसवायचं मनावर घेतलं. लेक प्रतिभा म्हणाली, "दादा, गाडीचा नवा टेप आणा की!" पण ऐकेल तो बहिरू कसला! त्यानं डेकमधला ट्रान्सफॉर्मर काढला, डेक थेट गाडीच्या बॅटरीवर जोडला आणि स्पीकरचे लाकडी बॉक्स मागच्या सीटखाली कोंबले. गाणं लागलं, पण सोबत इंजिनाची कुईं यायला लागली. गाडीनं वेग घेतला, की तीही चढायची.

बहिरूच्या ते जिव्हारी लागलं. कधी अर्थिंग बदल, कधी वायर दुसरीकडून ने. दर खेपेला बायकोकडे वळून तोच प्रश्न, "येतीय का गं कुईं?"

ती त्याच्या तोंडाकडे बघून म्हणायची, "नाय."

"आन् गाणं?"

"लय गोड."

ही आपलं मन राखतेय, असं त्याला वाटायचं. हल्ली घरात हाक मारली तरी ती ओ देत नसे. दुखण्यानं चिडचिडी झालीय म्हणून त्यानं ते सोडून दिलं होतं.

एकदा चांदोरीच्या गतिरोधकावर गाडी आदळली आणि बॉक्सची वायर निसटली. गाणं बंद, कुईंही बंद. डेकवरचे हिरवे-तांबडे दिवे तेवढे नाचत राहिले. वायर जोडायला गाडी बाजूला घेताना बहिरूनं बायकोकडे पाहिलं. कुसाबाई त्या दिव्यांवर नजर लावून गुडघ्यावर बोटांनी ठेका धरून बसली होती.

"गाणं कसंय?" त्यानं विचारलं. त्याचा हात खांद्याला लागताच तिनं त्याच्या तोंडाकडे पाहिलं.

"लय गोड."

बहिरूच्या ध्यानात आलं, हिला ऐकूच येत नाही. कधीपासून हे? आणि आपण मात्र त्या मेल्या कुईंच्या मागे लागलेलो! त्याला स्वतःची लाज वाटली, भडभडून आलं. नवऱ्याची खटपट वाया गेली हे त्याला कळू नये, म्हणून ती किती खेपा अशी ठेका धरत आली होती, कोण जाणे.

वायर जोडायला त्यानं गाडी थांबवलीच नाही. तिला दिसेल अशी मान डोलवत त्यानंही स्टेअरिंगवर ठेका धरला.