चाचांचा उजवा डोळा

जामखेडच्या बैलबाजारात चाचांच्या चेहऱ्यावरून कधी कोणाला काही कळलं नाही. चाचा बैलांचे दलाल, मी त्यांचा जोडीदार. आमच्याकडे सौदा रुमालाखाली होतो. हातात हात घेऊन बोटं दाबून भाव सांगायचा आणि वर तोंड असं ठेवायचं की बघणाऱ्याला वाटावं, दोघं एसटीची वाट बघतायत. एकदा सौदा चालू असताना एक खिलार बैल त्यांच्या पायावर उभा राहिला. चाचांनी सौदा पुरा केला, मग म्हणाले, "आता ह्याला जरा सरकवा." तोंड खायला दिलंय, दावायला न्हाई, असं ते नेहमी म्हणत.

दुसरा हट्ट खरं बोलण्याचा. बैलाची खोड ते गिऱ्हाइकाला स्वतःहून सांगत. माझा तांबडा बैल औताला जुंपला की अर्ध्या वावरात खाली बसायचा. दोन वर्षं मी तो बाजारात नेत होतो आणि चाचा प्रत्येकाला सांगत होते, "जनावर देखणं हाय, पर बसतंय." संध्याकाळी बैल माझ्याबरोबर घरी.

मग एका गुरुवारी चूळ भरताना चाचांच्या तोंडातून पाणी डावीकडून गळालं. डावा डोळा मिटेना, कपाळाला त्या बाजूला आठी पडेना. गल्लीने लकवा ठरवला. कोणी गार वाऱ्याला दोष दिला, कोणी कबुतराचं रक्त चोळायला सांगितलं. "त्या कबुतरानं माझं काय घोडं मारलंय?" चाचा अर्ध्या तोंडाने म्हणाले.

शुक्रवारी मी त्यांना नगरला नेलं. डॉक्टरांनी हातपाय तपासले. म्हणाले, हा मेंदूचा झटका नाही, कानामागून चेहऱ्याकडे येणारी नस सुजली आहे. का सुजली ते नेमकं सांगता येत नाही, बहुधा एखादा विषाणू. बहुतेक लोक बरे होतात, पण गोळ्या तीन दिवसांच्या आत सुरू करा. डोळ्यात थेंब टाका, झोपताना तो पट्टी लावून मिटून ठेवा.

बाहेर बाकावर चाचा बसले आणि समोरच्या बाकावरचा एक म्हातारा एकदम लाजला. मी नीट पाहिलं. डावा डोळा सताड उघडा, मिटतो फक्त उजवा, आणि तोंडही उजवीकडे ओढलेलं. चाचा दर थोड्या वेळाने डोळा मारतायत, असंच दिसत होतं. कंपाउंडरने तर त्यांना परत डोळा मारला.

मला माझा तांबडा बैल आठवला. बाजार दुसऱ्याच दिवशी होता.

दुकानातून मी थेंब घेतले, गोळ्या घेतल्या नाहीत. "गोळ्या संपल्यात चाचा, सोमवारी येतील."

"येऊ दे. तोंड कुठं पळून चाललंय," चाचा म्हणाले.

शनिवारी विकणाऱ्याला वाटे चाचा आपले, घेणाऱ्यालाही वाटे आपलेच. कर्जतकडचा एक शेतकरी तांबड्यापाशी थांबला. चाचांनी नेहमीप्रमाणे सांगितलं, "बैल औताला बसतो. घेऊ नका." आणि उजवा डोळा मिटला. शेतकऱ्याने मागेपुढे पाहिलं, जवळ येऊन कुजबुजला, "कळलं चाचा. आता दुसऱ्या कुनाला दावू नका." बैल घेऊन गेला.

सोमवारी मी दुकानात गेलो नाही. मंगळवारी गोळ्या आणल्या.

पुढच्या शनिवारी तो शेतकरी बैलासकट हजर. भर बाजारात ओरडला, "ह्या मानसानं डोळा मारून बैल गळ्यात बांधला." चाचा माझ्याकडे वळले. "नाना, तू हुतास की तिथं. मी काय बोललो, सांग ह्यास्नी."

मी म्हणालो, "गर्दी लई हुती. नीट ऐकू आलं न्हाई."

चाचांनी पदरचे पैसे देऊन बैल आपल्या दारात बांधून घेतला.

तोंड बरंचसं सरळ झालं, पण डावा डोळा पुरता कधी मिटला नाही. दलाली सुटली. "मी खरं सांगतो अन् मानसं हसत्यात," म्हणायचे. तांबड्यावर मात्र त्यांचा जीव. "ह्यानं कधी फसवलं न्हाई बघ. बसतो म्हंजे बसतो."

गेल्या वर्षी चाचा गेले. मुलाने त्यांचे डोळे मिटले, डावा पुन्हा थोडा उघडला. तो माझ्याकडे बघत होता असं मी म्हणणार नाही. तो नुसता उघडा होता.

बाजारात अजून लोक डोळा मारून बैल विकणाऱ्या चाचांची गोष्ट सांगून हसतात. म्हणून लिहितो. त्या शनिवारी आमच्यापाशी गर्दी नव्हती. "बैल औताला बसतो. घेऊ नका," असं चाचा म्हणाले होते. मी हातभर अंतरावर उभा होतो आणि मला स्वच्छ ऐकू आलं होतं.